पहिले की पाचवे?

२६ जून २०२२, रविवार. आमच्या बिर्लानगरातील एका बिऱ्हाडात दूरदर्शन संचाभोवती दहा-पंधरा माणसे जमली होती. बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरविले आणि रणजी करंडक जिंकला. मुलांनी टाळ्या पिटल्या, कोणी पेढे आणावयास धावले. निवेदक पुनःपुन्हा सांगत होता, की मध्य प्रदेशाचे हे पहिलेच अजिंक्यपद. तेव्हा कोपऱ्यातील वेताच्या खुर्चीवरून एक क्षीण परंतु ठाम आवाज आला, "पहिलं नाही. पाचवं."

हे बोलणारे गृहस्थ आमचे शेजारी. मूळचे इंदूरचे. तारुण्यात येथील कापडगिरणीत नोकरीस आले आणि गिरणीचा भोंगा थांबून कित्येक वर्षे लोटली तरी येथेच राहिले. वय चौऱ्यांशी. सगळी आळी त्यांना काका म्हणते, मीही म्हणतो. त्या दिवशी त्यांच्या बोलण्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याला आपण जसे मान डोलावून सोडून देतो, तसेच मीही केले.

प्रकरण तेथेच संपले असते. परंतु आमच्या शाळेत दरवर्षी सामान्य ज्ञानाची परीक्षा होते व तिची प्रश्नपत्रिका काढण्याचे काम मुख्याध्यापक या नात्याने मी स्वतःकडे ठेवले आहे. त्या वर्षी मी एक प्रश्न घातला : मध्य प्रदेशाने रणजी करंडक आजवर किती वेळा जिंकला? अपेक्षित उत्तर, एकदा. काकांचा नातू आमच्याच शाळेत आठवीत. त्याने लिहिले, पाच वेळा. मी लाल शाईने फुली मारली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काका काठी टेकीत माझ्या कचेरीत हजर. हातात जाड पुठ्ठ्याची, कडा झिजलेली एक वही. ते रागावलेले नव्हते. खुर्चीवर बसले, घोटभर पाणी प्याले व म्हणाले, "मास्तर, मार्क नका देऊ पोराला. पण उत्तर चूक कसं, ते मला समजावून सांगा."

मला समजावता आले नाही. त्या वहीसमोर तासभर बसल्यानंतर तर मुळीच नाही.

वहीत कात्रणे होती, होळकर संघाची. आपल्यापैकी ज्या वाचकांचे आजोळ इंदूर, देवास, धार अथवा महू या बाजूस आहे त्यांच्या कानांवरून हे नाव गेले असेल. इतरांसाठी थोडे विस्ताराने सांगतो, कारण या संघाची हकीकत आपल्या बृहन्महाराष्ट्रीय घराण्यांच्या हकीकतीशी गुंतलेली आहे.

रणजी स्पर्धा सुरू झाली १९३४-३५ मध्ये. आरंभी या भागातून 'मध्य भारत' या अर्थाच्या इंग्रजी नावाने एक संघ उतरत असे. १९४१-४२ पासून इंदूरच्या होळकर संस्थानाचा स्वतंत्र संघ मैदानात आला. महाराज यशवंतराव होळकर यांचा त्याला आश्रय होता. सेनापती होते कर्नल सी. के. नायडू, भारताचे पहिले कसोटी कर्णधार. नायडू जन्माने नागपूरचे, तेलुगू घराण्यातले. तुकोजीराव होळकरांनी त्यांना १९२३ मध्ये इंदुरास बोलावून सैन्यात हुद्दा दिला आणि मग ते इंदूरचेच झाले. खेळाडूंना फौजेत अथवा दरबारी खात्यात जागा द्यावयाची आणि त्यांच्याकडून कसून खेळ करवून घ्यावयाचा, ही संस्थानी पद्धत. तिच्यात दोष पुष्कळ असतील, परंतु पोटाची विवंचना मिटल्यावर माणूस काय करू शकतो हेही तिने दाखविले.

संघातील नावे पाहा. सय्यद मुश्ताक अली हे इंदूरचेच सुपुत्र. परदेशात कसोटी शतक झळकाविणारे ते पहिले भारतीय, १९३६ मध्ये मँचेस्टर येथे. चंदू सरवटे हे सागरचे. माधवसिंह जगदाळे, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, नागपूरकडचे डावखुरे गोलंदाज हिरालाल गायकवाड, कमल भांडारकर, पुढे खंडू रांगणेकर. संघाचा धावफलक मोठ्याने वाचला तर एखाद्या मराठी लग्नाच्या पंगतीतली नावे वाचल्यासारखे वाटते, आणि त्याच पंगतीत नायडू व मुश्ताक अली पहिल्या पाटावर बसलेले. इंदूरचे इंदूरपण ते हेच.

आता वहीतील आकडे. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघाने रणजी स्पर्धेची अंतिम फेरी दहा वेळा गाठली. मधला एक १९४८-४९ चा हंगाम तेवढा सुटला. दहापैकी चार वेळा करंडक जिंकला : १९४५-४६ मध्ये बडोद्याविरुद्ध, १९४७-४८ मध्ये मुंबईविरुद्ध नऊ गडी राखून, १९५०-५१ मध्ये गुजरातविरुद्ध आणि १९५२-५३ मध्ये कलकत्त्यास बंगालविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर. सहा वेळा हार. एवढ्या लहान संस्थानाने मुंबई-बडोद्याशी दशकभर बरोबरीने झुंजावे, याचे नवल मला त्या दिवशी प्रथमच वाटले. मराठीचा पदवीधर असल्यामुळे मल्हाररावांपासून अहिल्याबाईंपर्यंतचे होळकर मला पाठ होते. हे होळकर मात्र माहीत नव्हते.

हरण्यातही त्यांचा थाट होता. १९४४-४५ चा मुंबईविरुद्धचा अंतिम सामना घ्या. दुसरे महायुद्ध चालू होते आणि इंग्लंडचा विख्यात फलंदाज डेनिस कॉम्प्टन लष्करी नोकरीत महूला होता. होळकरांनी त्याला आपल्या संघात घेतले. मुंबईने दोन डावांत ४६२ आणि ७६४ धावा केल्या, त्यात विजय मर्चंट यांच्या २७८. होळकरांपुढे आव्हान ८६७ धावांचे! मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके ठोकली, १०९ आणि १३९. कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला. तरी सामना ३७४ धावांनी गेलाच. कॉम्प्टनला एका व्यापाऱ्याने शतकानंतरच्या प्रत्येक धावेमागे ठरावीक रक्कम कबूल केली होती म्हणे, आणि डाव संपल्यावर पाहतो तो शेठजींची चिठ्ठी : तातडीच्या कामासाठी कलकत्त्यास जावे लागत आहे, क्षमस्व. ही गोष्ट फार ठिकाणी सांगितली जाते. काकांनी ती मला दोनदा सांगितली व दोन्ही वेळा तितकेच हसले.

पुढच्याच हंगामात, १९४५-४६ मध्ये, इंदुरास म्हैसूरविरुद्ध उपांत्य सामना झाला. होळकरांनी आठ बाद ९१२ धावांवर डाव सोडला. एका डावात सहा फलंदाजांची शतके : भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंह १००. रणजी स्पर्धेतील सर्वोच्च धावसंख्येचा हा मान १९९३-९४ पर्यंत टिकला. तेव्हा हैदराबादने ९४४ धावा करून तो मोडला. त्याच सामन्यात सरवटे यांनी म्हैसूरच्या पहिल्या डावात ६१ धावांत नऊ बळी घेतले, म्हणजे शतक आणि नऊ बळी एकाच सामन्यात. म्हैसूरनेही दुसऱ्या डावात सहा बाद ५०९ पर्यंत झुंज दिली, हे सांगितले पाहिजे. अंतिम सामन्यात पन्नाशीतल्या नायडूंनी बडोद्याविरुद्ध २०० धावा केल्या आणि करंडक प्रथमच इंदुरास आला.

बडोद्याने उट्टे काढावयास वर्षही घेतले नाही. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात विजय हजारे व गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. कोणत्याही गड्यासाठीची ही जागतिक विक्रमी भागी २००६ पर्यंत अबाधित होती. होळकर एक डाव आणि ४०९ धावांनी हरले. वहीतील हे पान काकांनी भराभर उलटले.

सरवटे यांच्याविषयी दोन शब्द अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही. हे गृहस्थ वकिलीचे पदवीधर आणि बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ! १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हल मैदानावर सरे परगण्याविरुद्ध भारताचे नऊ गडी २०५ धावांत गेले. दहाव्या क्रमांकावर सरवटे, अकराव्या क्रमांकावर शुटे बॅनर्जी. दोघांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या. सरवटे १२४ नाबाद, बॅनर्जी १२१. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकांच्या फलंदाजांनी एकाच डावात शतके करावीत, हा चमत्कारच. १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या निवड समितीतही सरवटे होते. २००३ मध्ये इंदुरातच ते वारले.

आणि भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध खेळताना ते ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विश्वविक्रम नऊ पावलांवर. उपाहारानंतर काठेवाडचा संघ मैदानात उतरलाच नाही. आणखी धुलाई नको म्हणून त्यांच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामना सोडून दिला. निंबाळकरांना एकही कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही. पुढे क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला, तो त्यांच्याच जुन्या कर्णधाराच्या, सी. के. नायडूंच्या नावाचा. त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, ११ डिसेंबर २०१२ रोजी, त्यांचे निधन झाले.

नायडूंची शिस्त लष्करी. १९५१-५२ मध्ये मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा उसळता चेंडू छप्पन्न वर्षांच्या नायडूंच्या तोंडावर बसला आणि दात पडले. त्यांनी दात बाजूस सारले, मदत नाकारली व पुन्हा पवित्रा घेतला. त्या डावात त्यांनी ६६ धावा केल्या. सामना मुंबईने ५३१ धावांनी जिंकला, ही गोष्ट वेगळी.

येथवर सगळे कौतुक झाले. आता काकांच्या मूळ प्रश्नाकडे यावयास हवे, आणि तो दिसतो तितका सोपा नाही.

२८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर व इतर संस्थाने मिळून मध्य भारत राज्य झाले. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. दप्तरे गाड्यांत भरून दर सहा महिन्यांनी इकडून तिकडे. होळकर संस्थान असे नकाशावरून पुसले गेले, परंतु होळकर संघ मात्र खेळतच राहिला. चारपैकी दोन अजिंक्यपदे त्याने संस्थान गेल्यानंतर मिळविली आहेत! १९५४-५५ च्या अंतिम सामन्यात इंदुरासच मद्रासने त्याला ४६ धावांनी हरविले. मद्रासचे ते पहिले अजिंक्यपद, आणि होळकर नावाचा शेवट. पुढल्या हंगामापासून संघ मध्य भारताच्या नावाने उतरला आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या पुनर्रचनेनंतर सगळे मध्य प्रदेशात विलीन झाले.

सोळा-सतरा वर्षांचे काका त्या शेवटच्या सामन्याला मैदानावर होते. "हरलो म्हणून वाईट वाटलं," ते म्हणाले. "पण पुढच्या वर्षी बघू, असं म्हणत घरी गेलो. पुढचं वर्ष नाही, हे कुणाला ठाऊक होतं?"

मी शिक्षकी हट्टाने मुद्दा सोडला नाही. म्हटले, काका, संघ निराळा, नाव निराळे, राज्य निराळे. होळकरांचे करंडक मध्य प्रदेशाच्या खाती कसे मांडावयाचे? आणि आम्हा ग्वाल्हेरकरांनी तर ते कोणत्या तोंडाने मांडावयाचे? ग्वाल्हेर संस्थानाचाही स्वतंत्र संघ रणजी स्पर्धेत उतरला होता. तो एकदाच, १९४३-४४ मध्ये. दिल्लीविरुद्ध एक सामना खेळला, हरला आणि पुन्हा दिसला नाही. शिंद्यांच्या ग्वाल्हेरने होळकरांच्या पराक्रमावर हक्क सांगावा, याला इतिहासही हसेल.

यावर काका म्हणाले, "मग मी कुणाचा, मास्तर? इंदूरचा, की साठ वर्षं इथं राहिलो म्हणून ग्वाल्हेरचा?"

त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते. काही आठवड्यांनी, अगदी अनपेक्षित दिशेने, एक तुलना हाती आली. माझा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत क्लीव्हलंड येथे स्थायिक आहे. त्याच्याशी फोनवर हा वाद सांगत होतो, तर तो म्हणाला, "सर, आमच्या गावात यावरून कोर्टकचेरीच झाली होती." तिकडचे फुटबॉल म्हणजे आपले नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन, शिरस्त्राणे घालून अंगावर धावून जाण्याचा तो खेळ. तेथील व्यावसायिक संघ मालकाच्या मर्जीने गाव बदलतात. बाल्टिमोरचा कोल्ट्स हा संघ १९८४ च्या मार्चमध्ये एका रात्री सामान मालमोटारींत भरून इंडियानापोलिसला निघून गेला व जाताना आपले नाव, आपले विक्रम, सारा इतिहास घेऊन गेला. बाल्टिमोरच्या लोकांना हे इतके लागले, की जॉनी युनायटस हा त्यांचा थोर जुना खेळाडू नव्या गावाच्या संघाशी आपला काहीएक संबंध मानीनासा झाला.

क्लीव्हलंडचे झाले याच्या उलट. तेथील ब्राउन्स हा संघ १९४६ चा, म्हणजे होळकरांच्या पहिल्या करंडकाच्या वर्षाचा. पहिले प्रशिक्षक पॉल ब्राउन यांचे नाव संघाला दिलेले. त्याच्या मालकाने १९९५ मध्ये जाहीर केले, की संघ बाल्टिमोरला नेणार. गाव पेटून उठले. तडजोड झाली ती अशी, की मालकाने खेळाडू न्यावेत, परंतु नाव, रंग आणि विक्रमांची वही क्लीव्हलंडातच राहील. १९९६ मध्ये बाल्टिमोरला गेलेल्या संघाला रेव्हन्स हे नवे नाव घ्यावे लागले व तो नवाच संघ समजला गेला. तीन वर्षे क्लीव्हलंडचा संघच नव्हता. १९९९ मध्ये नव्या खेळाडूंनिशी तो पुन्हा उभा राहिला आणि जुना इतिहास त्याच्या स्वाधीन झाला. माणसे गेली, कागद राहिले आणि कागदांवरून संघ परत उभा केला!

ही हकीकत मी काकांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यांनी भांडून तरी ठेवलं. आपल्याकडे कुणी विचारलंच नाही." ते खोटे नाही. अभिलेखात होळकरांची चार अजिंक्यपदे होळकरांच्याच नावावर आहेत, मध्य प्रदेशाचे एक मध्य प्रदेशाच्या नावावर. कोणी काही हिरावून घेतलेले नाही. फक्त त्या चारांना वारस नाही.

खुणा मात्र राहिल्या आहेत. इंदूरच्या नव्या मैदानाला २०१० मध्ये होळकर हे नाव मिळाले. वीस षटकांच्या राष्ट्रीय स्पर्धेला मुश्ताक अलींचे नाव आहे. आणखी एक योगायोग तर मुलांना सांगण्यासारखा आहे. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतील पहिले द्विशतक सचिन तेंडुलकरने २४ फेब्रुवारी २०१० रोजी आमच्या ग्वाल्हेरास, कॅप्टन रूपसिंह मैदानावर झळकाविले. दुसरे वीरेंद्र सेहवागने ८ डिसेंबर २०११ रोजी इंदुरास, होळकर मैदानावर. मध्य भारताच्या हिवाळी राजधानीत पहिले, उन्हाळी राजधानीत दुसरे. (महिलांच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने १९९७ मध्येच मुंबईस हा पराक्रम केला होता, हे आमच्या शाळेतील एका शिक्षिकेने मला ऐकविले आणि योग्यच केले.) रूपसिंह म्हणजे ध्यानचंदांचे धाकटे बंधू, शिंद्यांच्या फौजेतले. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी अमेरिकेविरुद्ध एकट्याने दहा गोल केले. ग्वाल्हेरने क्रिकेटच्या मैदानाला हॉकीपटूचे नाव दिले आहे, त्याचा मला अभिमान वाटतो.

आणि २०२२ च्या विजयाचा धागा? प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, मुंबईकर. त्यांच्याच नेतृत्वाखाली मध्य प्रदेश १९९८-९९ मध्ये याच बंगळूरच्या मैदानावर कर्नाटकाविरुद्ध अंतिम सामना खेळला होता. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली होती. सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक हाती येत होता. शेवटच्या डावात सगळे १५० धावांत गारद झाले व सामना ९६ धावांनी गेला. तेवीस वर्षांनी पंडित त्याच मैदानाच्या कडेला उभे राहून डोळे पुसताना दिसले, तेव्हा काकांच्या खुर्चीकडे मी पाहिले नव्हते. पाहावयास हवे होते.

नातवाचा एक गुण मी दिला नाही, काकांनीही तो मागितला नाही. पुढील वर्षी मी प्रश्न बदलला : आजच्या मध्य प्रदेशाच्या भूमीवरील संघांनी रणजी करंडक किती वेळा जिंकला? संघांच्या नावांसह लिहा. प्रश्न वाढून दोन ओळींचा झाला. बहुतेकांनी जागा कोरी सोडली. एकाने दहा लिहिले, बहुधा अंतिम सामने मोजून. काकांच्या नातवाने चार अधिक एक असे लिहून त्याखाली रेघ मारली आणि बेरीज केली नाही. त्याला मी पूर्ण गुण दिले.

संध्याकाळी ती उत्तरपत्रिका घेऊन मी काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि वही मागितली. १९५५ च्या कात्रणाच्या पाठीवरचे पान रिकामे होते. तेथे त्यांनी २०२२ चा धावफलक आधीच चिकटवलेला असेल असे मला वाटले होते, परंतु त्यांचे वर्तमानपत्र पावसात भिजले होते. "तुमच्या अक्षरात लिहून द्या," ते म्हणाले. मी लिहू लागलो : मुंबई ३७४ आणि २६९. मध्य प्रदेश ५३६ आणि चार बाद १०८. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२.

"शतकं किती झाली?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, तीन.

"आमची सहा होती," काका म्हणाले, आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवावयास सांगून आत चहा सांगण्यासाठी उठले.